घरबसल्या काम

सकाळचे नऊ वाजले आहेत. पुण्यातील एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात न्याहारी आटोपली आहे. वडील डबा घेऊन बाहेर पडले. आई मात्र बाहेर पडली नाही. तिने ओटा पुसला, हात कोरडे केले, खिडकीजवळच्या टेबलावरील संगणक उघडला आणि कानांना हेडफोन लावून ती बोलू लागली. ती ज्यांच्याशी बोलत होती, त्यांतील एक जण बंगळूरला होता, दुसरा हैदराबादला आणि तिसरा सिंगापूरला. तिचे कार्यालय हिंजवडीला, घरापासून पंधरा-वीस किलोमीटर दूर. परंतु त्या दिवशी कार्यालयाचे कामच तिच्या टेबलापर्यंत चालत आले होते. इतक्यात पाच वर्षांची धाकटी मुलगी हातात फणी व रिबीन घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, माझी वेणी घाल ना!" आईने ओठांवर बोट ठेवले. मुलगी हिरमुसली होऊन परत गेली.

अशी दृश्ये आज अनेक घरांतून पाहावयास मिळतात. प्रसंग लहानसा खरा. परंतु त्यात एका मोठ्या प्रश्नाचे बीज आहे. आई घरी आहे की कामावर आहे? एका अर्थी ती दोन्ही ठिकाणी आहे. आणि म्हणूनच कधीकधी ती दोन्ही ठिकाणी पुरती नाही, असेही वाटू लागते. घरी राहून काम करण्याच्या या पद्धतीने माणसाला काय दिले आणि त्याच्याकडून काय घेतले, हे समजून घ्यावयाचे तर प्रथम थोडे मागे वळून पाहिले पाहिजे.

घरी काम करणे ही आजकालची नवलाई नव्हे. किंबहुना घर एकीकडे आणि कामाची जागा दुसरीकडे, हीच गोष्ट मानवाच्या इतिहासात अलीकडची आहे. पूर्वी कुंभाराचे चाक त्याच्या अंगणात फिरत असे; सोनाराची शेगडी त्याच्या ओसरीवर पेटत असे; विणकराचा माग घराच्या सोप्यातच असे. नाशिक जिल्ह्यातील येवले हे गाव पैठणीसाठी प्रसिद्ध आहे. तेथे आजही अनेक विणकरांच्या घरांत माग आहेत. घरातील एक माणूस मागावर बसतो, दुसरे कोणी रेशीम उकलून देते, तिसरे कोणी कांड्या भरते. मागाचा आवाज आणि भाकरी थापल्याचा आवाज एकाच छपराखाली उमटतात. अशा घरात मुलांना आईवडिलांचे काम म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. ते त्यांच्या डोळ्यांसमोरच चाललेले असते.

ही जुनी घडी यंत्राने मोडली. वाफेचे यंत्र अवजड व खर्चिक असे. ते घरोघरी बसविणे शक्य नव्हते. यंत्र माणसाकडे येईना, म्हणून माणसालाच यंत्राकडे जाणे भाग पडले. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणीची स्थापना केली आणि १८५६ साली ती सुरू झाली. पाहता पाहता मुंबईत गिरण्यांची रांग उभी राहिली. कोकणातून व घाटावरून हजारो माणसे गिरणगावात येऊन राहिली. घर गावी राहिले, काम मुंबईत आले, आणि दोहोंना जोडणारा धागा म्हणजे महिन्याकाठी जाणारी मनीऑर्डर! गिरणीचा भोंगा वाजला की काम सुरू होई आणि भोंगा वाजला की काम सुटे. या व्यवस्थेत कष्ट पुष्कळ होते. तथापि एक गोष्ट स्पष्ट होती. काम कोठे संपते आणि घर कोठे सुरू होते, याविषयी कोणाच्याही मनात शंका नसे.

पुढे गिरण्यांबरोबर कचेऱ्या वाढल्या आणि कारकून, हिशेबनीस, अभियंते असे सारेच रोज सकाळी घराबाहेर पडू लागले. २०२० सालापूर्वी मुंबईच्या लोकलगाड्यांतून दररोज सत्तर लाखांहून अधिक प्रवासी ये-जा करीत असत. या प्रवासात किती काळ जातो, याचा हिशेब मनोरंजक आहे. एखाद्यास कार्यालयात पोचण्यास दीड तास व परत येण्यास दीड तास लागतो असे धरले, तर दिवसाचे तीन तास झाले. वर्षातून २५० दिवस काम असेल, तर ७५० तास झाले. त्यांना चोवीसांनी भागले असता एकतीस दिवसांहून थोडे अधिक होतात. म्हणजे तो मनुष्य वर्षातील एक संपूर्ण महिना, दिवस आणि रात्र धरून, केवळ प्रवासात घालवितो!

हा काळ वाचविता येणार नाही काय, असा विचार अमेरिकेतील जॅक निल्स या शास्त्रज्ञाच्या मनात आला. लॉस एंजेलिस हे शहर मोटारींच्या गर्दीसाठी कुप्रसिद्ध आहे. त्याच शहरातील एका विद्यापीठात ते काम करीत होते. १९७३ साली त्यांनी असे मांडले की, माणसाने कामाकडे जाण्याऐवजी कामच दूरध्वनीच्या तारेवरून माणसाकडे पाठवावे. त्याच वर्षाच्या अखेरीस जगात खनिज तेलाची मोठी टंचाई निर्माण झाली, त्यामुळे या कल्पनेकडे अनेकांचे लक्ष वेधले गेले. परंतु त्या काळी कचेरीतील सारे काम कागदावर चाले. कपाटातील फायली तारेवरून कशा पाठवावयाच्या? कल्पना चांगली होती, साधने अपुरी होती.

ती साधने संगणकाने आणि इंटरनेटने पुरविली. येथे एक गोष्ट नीट ध्यानी घेतली पाहिजे. सगळीच कामे घरी येऊ शकत नाहीत. ज्या कामाचा कच्चा माल माहिती हा असतो आणि ज्याचा पक्का मालही माहितीच असतो, तेच काम तारेवरून प्रवास करू शकते. विम्याचा अर्ज तपासणे, जमाखर्च लिहिणे, पुलाचा आराखडा काढणे, भाषांतर करणे, संगणकासाठी आज्ञावली लिहिणे ही अशी कामे होत. उलटपक्षी परिचारिकेला रुग्णाजवळच जावे लागते, गवंड्याला भिंतीपाशीच उभे राहावे लागते आणि एस.टी.च्या चालकाला गाडीतच बसावे लागते. त्यांचे काम त्यांच्या घरी पाठवू म्हटले, तरी पाठविता यावयाचे नाही.

साधने होती, तरीही बहुतेक कार्यालयांना कर्मचाऱ्यांना घरी बसू देण्याचे धैर्य होत नव्हते. समोर कोणी पाहणारा नसेल, तर माणूस काम करील काय, ही शंका त्यामागे होती. ती खरी की खोटी, हे पाहण्यासाठी चीनमधील शांघाय येथे एक मोठा प्रयोग करण्यात आला. प्रवासाची व्यवस्था करणारी सीट्रिप नावाची एक कंपनी आहे. दूरध्वनीवरून ग्राहकांशी बोलणाऱ्या तिच्या कर्मचाऱ्यांपैकी घरी काम करण्यास जे तयार होते व ज्यांच्या घरी स्वतंत्र खोली होती, अशांचे २०१० च्या अखेरीस दोन गट पाडण्यात आले. ज्यांच्या जन्मतारखेचा अंक सम, त्यांनी आठवड्यातील चार दिवस घरून काम करावयाचे. ज्यांचा विषम, त्यांनी नेहमीप्रमाणे कार्यालयात यावयाचे. हा प्रयोग नऊ महिने चालला.

त्याचे फलित पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटले. घरून काम करणाऱ्यांचे काम कमी तर झाले नाहीच, उलट सुमारे १३ टक्क्यांनी वाढले. ते आजारपणाच्या रजा कमी घेत, मधल्या सुट्ट्या कमी घेत, आणि शांततेमुळे त्यांचे दूरध्वनीही लवकर आटोपत. नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण तर निम्म्यावर आले. परंतु नाण्याची दुसरी बाजूही दिसून आली. घरी बसलेल्यांनी तितकेच चांगले काम केले असताही त्यांना बढती मिळण्याचे प्रमाण मात्र घटले. दृष्टीआड सृष्टी म्हणतात, ती अशी! आणि प्रयोग संपल्यावर कोणास काय हवे, असे विचारण्यात आले, तेव्हा घरी काम करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक कार्यालयात परत आले. एकटेपणा हे त्याचे मुख्य कारण होते. जेथे काम अधिक होते, तेथे मन रमतेच असे नाही, हा या प्रयोगाचा मोठा धडा होय.

त्यानंतर २०२० साल उजाडले. कोरोनाच्या साथीमुळे २५ मार्च २०२० पासून सर्व भारतात टाळेबंदी लागू झाली. ज्या कार्यालयांनी आजवर या पद्धतीचा विचारही केला नव्हता, त्यांना काही दिवसांतच कर्मचाऱ्यांच्या घरी संगणक पोचवावे लागले. कोणी शयनगृहात, कोणी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, कोणी गॅलरीत अशी लक्षावधी घरांत कचेरी थाटली गेली. मुलांच्या शाळाही मोबाइलच्या पडद्यावर भरू लागल्या. कोकणातील काही खेड्यांत मोबाइलची रेंज मिळावी म्हणून विद्यार्थ्यांना टेकडीवर जाऊन बसावे लागे. याच दिवसांत परिचारिका, सफाई कामगार, पोलीस आणि दूधवाले मात्र जीव मुठीत धरून रोज घराबाहेर पडत होते. घरी बसून काम करता येणे हे एक भाग्य आहे आणि ते सर्वांच्या वाट्याला येत नाही, ही जाणीव त्या काळाने करून दिली.

साथ ओसरली, तरी ही पद्धत पूर्णपणे गेली नाही. कारण तिचे लाभ लोकांनी अनुभवले होते. प्रवासाचे तास वाचतात, इंधन वाचते, रस्त्यांवरील गर्दी व धूर कमी होतो. ज्यास चालणे कठीण आहे, अशा अपंग व्यक्तीला जिने, गर्दी आणि बस यांच्याशी न झगडता आपल्या बुद्धीच्या बळावर नोकरी करता येते. म्हाताऱ्या आईवडिलांची शुश्रूषा करणाऱ्याला गाव सोडावे लागत नाही. लहान मुलांमुळे ज्या स्त्रियांना नोकरी सोडावी लागली असती, त्यांचे शिक्षण वाया जात नाही. कामाचा ध्यास असणाऱ्याला निवांतपणा मिळतो. हे लाभ थोडे नव्हेत.

अडचणीही थोड्या नाहीत. पहिली अडचण जागेची. ज्याच्या घरी वेगळी खोली आहे, त्याला घरी काम करणे सुखाचे वाटते. ज्या खोलीत पाच माणसे राहतात, तेथे एकाने बैठकीस बसावयाचे म्हणजे चौघांनी मुकाट्याने बसावयाचे. दुसरी अडचण वेळेची. गिरणीचा भोंगा काम सुटल्याचे सांगे. संगणकाला भोंगा नसतो. रात्रीचे जेवण चालू असताही एखादा निरोप येतो आणि घास हातात राहतो. तिसरी अडचण शिकण्याची. नवखा मनुष्य वडीलधाऱ्या सहकाऱ्यांशेजारी बसून, त्यांचे पाहून, सहज विचारून जे शिकतो, ते दुरून शिकणे कठीण जाते. आणि चौथी अडचण घरातील स्त्रीची. ती घरीच आहे म्हणून पाहुण्यांचा चहा, धाकट्याचा अभ्यास, गॅसची टाकी हे सारे तिनेच पाहावे, असे सर्वजण गृहीत धरतात. अशा वेळी तिला एका दिवसात दोन दिवसांचे काम पडते.

शिवाय एकाच्या सोयीमुळे दुसऱ्याची रोजी कशी बुडते, हेही पाहण्यासारखे आहे. मुंबईचे डबेवाले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून घरचे जेवण कचेऱ्यांतून पोचवीत आले आहेत. मार्च २०२० मध्ये कचेऱ्या बंद झाल्या आणि त्यांची ही शतकाहून जुनी सेवा थांबली. जेवणारेच घरी बसले, तर डबा न्यावयाचा कोणासाठी? कचेरीबाहेरचा चहावाला, रिक्षावाला, खाणावळवाली यांचीही तीच गत झाली.

महाराष्ट्रातील दोन जुन्या घरगुती उद्योगांकडे पाहिले असता या पद्धतीचे खरे मर्म कळते. सोलापुरात हजारो स्त्रिया विड्या वळण्याचे काम घरी करतात. पाने व तंबाखू घरी आणावयाची, मांडीवर सूप घेऊन विड्या वळावयाच्या आणि तयार विड्या नेऊन द्यावयाच्या, असा त्यांचा क्रम असतो. किती विड्या वळल्या, यावर मजुरी ठरते. काम घरातच असल्यामुळे तंबाखूची धूळही घरातच राहते. ती वळणारीच्या छातीत जाते आणि शेजारी खेळणाऱ्या मुलांच्याही. मजुरी वाढावी म्हणून कधीकधी मुलांचेही हात कामाला लागतात. कारखान्यात हे घडले असते, तर कोणाच्या तरी नजरेस आले असते. चार भिंतींआड घडते, म्हणून ते दिसत नाही. या कामगारांच्या रक्षणासाठी भारत सरकारने १९६६ साली कायदा केला आणि घरी विड्या वळणारासही कामगार मानले.

दुसरे उदाहरण लिज्जत पापडाचे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईतील गिरगावात सात स्त्रियांनी उसन्या घेतलेल्या ८० रुपयांवर एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यास प्रारंभ केला. पुढे त्या रोपट्याचा वृक्ष झाला. या संस्थेतील स्त्रियांना भगिनी म्हणतात आणि प्रत्येक भगिनी उद्योगाची भागीदार असते. सकाळी त्या केंद्रावर येतात, आदल्या दिवशीचे पापड देऊन मजुरी घेतात आणि मळलेले पीठ घेऊन घरी जातात. पापड लाटावयाचे घरी; पण देवघेव, तपासणी आणि चार शब्द बोलणे हे सारे केंद्रावर! संस्थापक भगिनींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या कामाची थोरवी साऱ्या देशाने मान्य केली.

दोन्ही ठिकाणी काम घरीच होते. मग इतका फरक का पडावा? एका ठिकाणी काम करणारी एकटी असते व तिच्या हाती केवळ मजुरी पडते. दुसऱ्या ठिकाणी तिला सोबतिणी असतात आणि उद्योगात वाटा असतो. म्हणजे घर हे चांगले की वाईट, हा प्रश्नच नव्हे. घरी काम करणाराच्या पाठीशी कोण आहे आणि त्याच्या कामाचे नियम कोणी ठरविले, हा खरा प्रश्न होय.

जगानेही हे हळूहळू ओळखले आहे. घरी काम करणाराला इतर कामगारांसारखीच वागणूक मिळावी, असा ठराव आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९९६ साली केला. फ्रान्समध्ये २०१७ च्या आरंभापासून, कामाची वेळ संपल्यावर कार्यालयाच्या निरोपांपासून दूर राहण्याचा कामगारांचा हक्क कायद्याने मान्य झाला. म्हणजे जो भोंगा संगणकाला नव्हता, तो कायद्याने बसविला, असे म्हणावयास हरकत नाही!

शांघायच्या त्याच कंपनीने २०२१-२२ मध्ये आणखी एक प्रयोग केला. या वेळी सुमारे सोळाशे कर्मचारी त्यात होते. त्यांतील एका गटाने बुधवारी व शुक्रवारी घरून आणि उरलेले तीन दिवस कार्यालयात येऊन काम केले. या गटाच्या कामाचा दर्जा खालावला नाही, बढतीही अडली नाही आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण एक-तृतीयांशाने घटले. काही दिवस घरी, काही दिवस सहकाऱ्यांत, असा हा मध्यममार्ग आहे. गिरगावच्या भगिनींना तो पुष्कळ आधी गवसला होता.

तथापि कंपन्यांचे नियम आणि सरकारचे कायदे घराच्या उंबरठ्यापर्यंतच येऊ शकतात. उंबरठ्याच्या आतले नियम घरातील माणसांनीच करावयाचे असतात. कामाची जागा ठरलेली असावी, मग ती एक कोपरा का असेना. कामाची वेळ ठरलेली असावी आणि ती संपली की संगणक मिटावा. घरात राहून काम करणारा मनुष्य रिकामा नाही, हे इतरांनी ओळखावे. आणि घरातील माणसे म्हणजे कामातील व्यत्यय नव्हेत, हे काम करणाऱ्याने विसरू नये.

पुण्याच्या त्या बिऱ्हाडातील आईने हेच केले. त्या रात्री तिने मुलीला जवळ घेतले आणि भिंतीवरील घड्याळ दाखवून ती म्हणाली, "उद्या तू ताईकडून वेणी घालून घे. मात्र लहान काटा अकरावर आणि मोठा काटा बारावर आला, की पुढची पंधरा मिनिटे मी तुझी." दुसऱ्या दिवशी मुलगी काट्यांकडे टक लावून बसली. अकरा वाजले तेव्हा पडद्यावर एक निरोप चमकत होता. आईने तो पाहिला, क्षणभर विचार केला, "पंधरा मिनिटांनी कळविते," एवढेच लिहिले आणि ती उठली. दारात मुलगी उभीच होती. ताईने घातलेली वेणी तिने सोडून टाकली होती आणि हातात फणी व रिबीन होती.

स्वाध्याय

१. वाफेच्या यंत्रामुळे घर व कामाची जागा यांची फारकत का झाली?
२. "सगळीच कामे घरी येऊ शकत नाहीत." हे विधान पाठाबाहेरील दोन उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
३. विड्या वळणाऱ्या स्त्रिया आणि पापड लाटणाऱ्या भगिनी यांच्या स्थितीतील फरक लिहा. तो कशामुळे पडला?
४. तुमच्या घरातील किंवा शेजारातील घरी काम करणाऱ्या एका व्यक्तीला तिच्या दिनक्रमाविषयी विचारा आणि दहा-बारा ओळी लिहा.